चार निशाणे, एक खाडी

पनवेल म्हटले की बहुतेक वाचकांना एस. टी.चा थांबा आठवत असेल. कोकणात जाणाऱ्या माणसाची तेथे पाच-दहा मिनिटे झोपमोड व्हावयाची, एक वडा आणि कपभर चहा पोटात जावयाचा, की गाडी पुढे कर्नाळ्याच्या वळणाला लागावयाची. आमच्या गावाशी महाराष्ट्राची ओळख आहे ती अशी अर्धवट झोपेतली. त्याबद्दल आम्हां पनवेलकरांची तक्रार नाही. एवढेच सांगावयाचे की हे गाव मूळचे रस्त्याचे नव्हे, पाण्याचे. येथे बंदर होते म्हणून रस्ता आला. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला तो पुण्याहून निघून पनवेलच्या धक्क्यापर्यंत येण्यासाठी. पुढचा मुंबईपर्यंतचा प्रवास पडावातून, आणि नंतर आगबोटीतून व्हावयाचा.

हा लेख लिहावयास निमित्त झाला माझा नातू. गेल्या वर्षी आम्ही मुंबईहून अटल सेतूवरून येत होतो. २०२४ च्या जानेवारीत खुला झालेला हा पूल जवळजवळ बावीस किलोमीटरांचा. खाली नुसते पाणी आणि चिखल. नातू काचेला नाक लावून बसला होता. त्याने विचारले, "आजोबा, हे पाणी कुणाचं?" मुलाने गाडी चालवता चालवता उत्तर दिले, "सरकारचं." नातवाचे समाधान झाले. माझे झाले नाही. चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, पण या प्रश्नाला साधेसुधे उत्तर मला देता आले नसते.

आधी भूगोल डोळ्यांपुढे आणू. माथेरानच्या बाजूने येणारी गाढी नदी पनवेलपाशी खाडीला मिळते. ती खाडी एका अंगाला बेलापूर आणि दुसऱ्या अंगाला उलवे ठेवून पश्चिमेकडे वाहते व मुंबईच्या मोठ्या बंदरात शिरते. समोर तुर्भ्याची टेकडी, खाली दक्षिणेला घारापुरी, त्याच्या पलीकडे उरणचे करंजा बेट. आता १६७५ च्या एखाद्या पावसाळ्यात तुर्भ्याच्या टेकडीवर उभे राहा. तुमच्या पायाखालची जमीन पोर्तुगीजांची. नैर्ऋत्येला मुंबई बेट, ते इंग्रजांचे. दक्षिणेला पाण्यापलीकडे करंजा, ते पुन्हा पोर्तुगीजांचे. पूर्वेला पनवेलपासून सह्याद्रीपर्यंतचा मुलूख शिवाजी महाराजांचा. आणि माझगावच्या किनाऱ्याशी जी गलबते नांगरून पडली आहेत ती जंजिऱ्याच्या सिद्दीची. त्यांच्यावर बादशाही निशाण. पनवेलचा कोळी एका ओहोटीत बाहेर पडून पुढच्या भरतीत घरी येईपर्यंत चार निशाणांखालून जाऊन येत असे. मासळीला मात्र यातले काहीच ठाऊक नव्हते.

या चौघांचे भांडण कशावरून होते? आपण शाळेत शिकतो ते किल्ल्यांचे भांडण. पाण्याचे भांडण त्याहून जुने आणि चिवट. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई व तिच्या आसपासची बेटे पोर्तुगीजांकडे आली. समुद्रात फिरणाऱ्या तारवाने त्यांचा परवाना घ्यावा, त्याला ते 'कार्ताझ' म्हणत, असा त्यांचा दंडक होता. जमीन जशी मोजून आपली म्हणता येते तसा समुद्रही आपला म्हणता येतो, ही कल्पना आमच्या किनाऱ्यावर त्यांनी प्रथम आणली. पुढे कान्होजी आंग्र्यांनी त्यांचेच अस्त्र उलटवले आणि स्वतःचे दस्तक सुरू केले. ज्यांनी दोनशे वर्षे परवाने विकले ते दुसऱ्याचा परवाना पाहून संतापले, आणि इंग्रजांनी आंग्र्यांना चाचा ठरवले. असो, तो मोठा विषय आहे.

पनवेलचा या कथेत प्रवेश होतो तो १६५९ च्या सुमारास. कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी आरमार बांधावयास घेतले, आणि पोर्तुगीजांच्या कागदांत नोंद आहे की शहाजीचा मुलगा भिवंडी, कल्याण व पनवेल येथे लढाऊ तारवे बांधीत आहे. वाचताना माझा ऊर भरून आला, हे कबूल करतो. पण पुढचेच वाक्य गावाभिमान उतरवणारे आहे. ही तारवे बाहेर पडू देऊ नयेत, असा हुकूम पोर्तुगीज कप्तानाला गेला होता. म्हणजे स्थिती अशी की सागवान सह्याद्रीचे, सुतार आणि खलाशी येथले, खाडी आमची, आणि तिच्या बाहेरच्या दाराची कडी मात्र दुसऱ्याच्या हातात. आपल्या घरातून बाहेर पडावयास शेजाऱ्याची परवानगी! पनवेलच्या इतिहासाचे सार मला या एका नोंदीत दिसते.

इंग्रजांचे दुःखही काही निराळे नव्हते. १६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली आणि १६६५ त ताब्यात आली, पण बेटावर धान्य पुरेसे पिकत नव्हते आणि जळणाचे लाकूडही पुरत नव्हते. हे सारे यावयाचे समोरच्या किनाऱ्यावरून, म्हणजे महाराजांच्या मुलखातून. आणि त्या वाटेवर ठाण्याला आणि करंजाला पोर्तुगीज जकात मागत. पाऊसकाळी तर आणखी पेच. उघड्या समुद्रावर तारू ठेवता येत नाही, म्हणून सिद्दी आपले आरमार मुंबई बंदरात आणून ठेवी. सिद्दी बादशहाचा चाकर. त्याला नाही म्हणावे तर सुरतेची वखार धोक्यात. हो म्हणावे तर तो बंदरातून निघून पेण-नागोठण्याकडची गावे जाळी (१६७३ साली त्याने तसे केलेच), आणि मुंबईचे दाणापाणी तुटे. १६७८ च्या पावसाळ्यात दौलतखान व दर्यासारंग चार हजार माणसे घेऊन पनवेलास आले. बेत होता, पाण्यावरून जाऊन माझगावचे सिद्दीचे आरमार जाळावयाचा. होड्या पुरल्या नाहीत, हवा बिघडली, पोर्तुगीजांनी ठाण्याची वाट अडवली. बेत राहून गेला. आज ज्या किनाऱ्यावर माणसे सकाळी फिरावयास जातात तेथे चार हजार सैनिक पावसात होड्यांची वाट पाहत बसले होते, हे कोणाला खरे वाटेल?

या भांडणांतून तह झाले, आणि तहांत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. त्याच्या मागण्यांत एक अशी की इंग्रजांचे जहाज फुटून महाराजांच्या किनाऱ्याला लागले तर ते मालासह परत मिळावे. बाकीच्या बहुतेक मागण्या महाराजांनी मान्य केल्या. नाणी परस्परांच्या मुलखात चालावीत, या मागणीवर त्यांचे म्हणणे पडले की आम्ही कोणतेच नाणे बंद करीत नाही, पण ज्यात तोटा होईल ते नाणे घेण्याची सक्ती रयतेवर करता येणार नाही. फुटक्या जहाजाच्या कलमाला मात्र त्यांनी नकार दिला. कारण काय? वादळाने किनाऱ्याला लागलेली वस्तू परत न देण्याचा कोकणचा फार जुना रिवाज आहे. तुम्हाला ती सवलत दिली तर फ्रेंच, वलंदेज सारेच मागतील, आणि शतकांचा रिवाज मोडेल. म्हणजे छत्रपती म्हणून सिंहासनावर बसताना त्यांनी किनाऱ्याचा कायदा नवा केला नाही. जो होता तो मानला. आज हा रिवाज आपल्याला थोडा रानटी वाटेल, आणि फुटलेल्या जहाजावरच्या व्यापाऱ्याला तर तो निश्चित वाटला असेल. पण किनाऱ्याला स्वतःचा कायदा असतो आणि राजाने त्यात हात घालण्यापूर्वी विचार करावा, ही समज त्यामागे दिसते.

पुढे १६७९ त खांदेरीवरून लढाई पेटली. इंग्रजांनी ते बेट अडवून धरले, मराठ्यांनी रात्री लहान होड्यांतून दगडचुना आणि दाणागोटा पोचवला, आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. १६८० च्या तहात सिद्दीने मुंबई बंदरात राहून समोरच्या मुलखास उपद्रव करू नये, असे ठरले. ते फार दिवस पाळले गेले नाही, ही गोष्ट वेगळी. पण एका बंदराचे पाणी अनेकांचे असेल तर त्याचा उपयोग शेजाऱ्याच्या नाशासाठी करू देऊ नये, हे तत्त्व कागदावर आले, तेही साडेतीनशे वर्षांपूर्वी. आज सभासंमेलनांत हेच तत्त्व फार जड शब्दांत सांगतात.

आता एक मौज पाहा. या साऱ्या तहांत जकात आहे, परवाने आहेत, नाणी आहेत, फुटकी जहाजेही आहेत. पण ज्याच्यावाचून या किनाऱ्यावर एक दिवस कोणी राहू शकत नव्हते, त्याचा मी वाचलेल्या एकाही तहात उल्लेख नाही. ते म्हणजे खाराचे बांध.

खाडीकाठ न पाहिलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. मुंबई बंदरात उधाणाला पाणी पंधरा-सोळा फूट चढते. ते उथळ किनाऱ्यावर मैल मैल आत शिरते. लोकांनी पिढ्यान् पिढ्या चिखल, पेंढा आणि दगड घालून बांध उभारले आणि त्या पाण्याला बाहेर ठेवले. आतली जमीन ती खार. बांधाला मधून मधून उघाड्या असतात. उघाडी म्हणजे लाकडी झडपेची मोरी. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा झडप आपोआप बंद होते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी तिला ढकलून बाहेर पडते. दिवसातून दोनदा, बाराही महिने, कोणी न सांगता. नांगराचे येथे काम नाही. पहिल्या पावसांनी मीठ धुतले गेले की मोड आलेले बी चिखलात फेकावयाचे. तांबूस, जाडसर भात येते; त्याची पेज ज्याने प्याली आहे त्याला बासमतीचे कौतुक नसते. आतल्या तळ्यात जिताडा वाढतो. जावयाला जिताडा घातला नाही तर आमच्याकडे सासरे कंजूष ठरतात.

पण बांधाचा स्वभाव असा की तो शंभर ठिकाणी भक्कम असून चालत नाही. एका ठिकाणी खांड पडली की सगळा खार खारट होतो. माझे आणि तुझे एकदम बुडते. म्हणून बांधाची डागडुजी ही कोणा एकाची गोष्ट नसे. पेण-अलिबागकडे शिलोत्री नावाची वहिवाट होती. बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी शिलोत्रदाराने घ्यावयाची आणि त्याबद्दल बिघ्यामागे ठराविक भात कुळांनी त्याला द्यावयाचे. कोठे कोठे घरटी एक माणूस बांधावर जाई. त्याला जोळ म्हणत. गोव्याला पाहावे तर तेच. तेथे खाजण म्हणतात, उघाडीला मानस म्हणतात, आणि बांध राखावयाचा गावकरीने. पोर्तुगीजांनी १५२६ साली गावकरीचे रिवाज लिहून काढले आणि बरेचसे तसेच चालू दिले, कारण बांध फुटला तर सारा कशावर घेणार? निशाण कोणाचेही असो, खालचा चिखल तोच आणि त्यावरचा कायदाही जवळजवळ तोच. चार सत्तांनी वाटून घेतलेल्या किनाऱ्याला एकत्र ठेवणारी ही एक वस्तू होती, आणि तिच्यावर कोणाचीच मोहोर नव्हती.

हे फार गोड चित्र झाले, याची मला कल्पना आहे. ते सगळे रामराज्य नव्हते. उघाडी केव्हा उघडावी यावरून मासळी धरणारा आणि भात लावणारा यांची डोकी फुटत. शिलोत्रदार आणि खोत हे बांधाच्या नावाने घेत ते सगळेच बांधावर खर्च होत नसे. याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी येथे नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली खोतीविरुद्ध शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा सहा वर्षे संप केला. जमिनी ओस ठेवल्या, उपास काढले. डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू उचलून धरली. ज्यांच्या पाठीवर चिखलाची पाटी होती त्यांना त्या व्यवस्थेची गोडी वाटावयाचे कारण नव्हते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण माझे घराणे छत्री घेऊन बांधावर उभे राहणाऱ्यांपैकी होते.

मधला इतिहास थोडक्यात उरकतो. १७३७ ते १७३९ या वर्षांत चिमाजीअप्पांनी साष्टी, बेलापूर, वसई घेतली आणि पोर्तुगीज निशाण या पाण्यावरून गेले. १७७४ त इंग्रजांनी साष्टी बळकावली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी, करंजा आणि घारापुरी त्यांच्याकडे कायम झाली. मधे १७७८ च्या नोव्हेंबरात पुण्यावर चालून जाणारी इंग्रज फौज पनवेलास उतरली. तिचे वडगावला काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा १८१८ पर्यंत सीमा पाण्यातून जात होती: घारापुरी इंग्रजांची, पनवेल पेशव्यांचे. मुंबईच्या माणसाला पनवेल परमुलूख होते. मग एकच सत्ता आली. दक्षिणेला आंग्र्यांचे संस्थान १८४० पर्यंत, जंजिरा १९४८ पर्यंत आणि गोवा १९६१ पर्यंत राहिले, पण आमच्या खाडीपुरता प्रश्न मिटला. १८५२ साली पनवेलला नगरपालिका झाली. मिठागरे वाढली, आगबोटी आल्या.

प्रश्न मिटला, असे मी लिहिले. मुलांना शिकवतानाही असेच शिकवीत आलो. वास्तविक तो तेथे नव्याने सुरू झाला.

आमचा पनवेलच्या खाडीवर थोडा खार होता. तो कसणारे कूळ पिढ्यान् पिढ्यांचे, समोरच्या गावचे. कुळातल्या म्हाताऱ्याला आम्ही मुले बाबा म्हणत असू, तो माझ्या आजोबांना अण्णा म्हणे. बाहेरचा बांध अण्णांनी राखावयाचा, आतले बांध बाबाने, असा रिवाज. १९४८ त कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी कसणारा तो मालक ठरला. न्यायाचीच गोष्ट होती. पण कायदा झाला आणि कागद हाती पडला यांत बराच काळ गेला. त्या काळात बाहेरचा बांध कोणाचा? अण्णांचे म्हणणे, जमीन त्याची तर बांध त्याचा. बाबाचे म्हणणे, कागद होईपर्यंत धनी अण्णा. शिवाय बाहेरचा बांध राखण्याइतका पैसा त्याच्याकडे आणावयाचा कोठून? १९४८ सालीच खारभूमीचाही कायदा झाला होता, आणि बांध राखण्याचे काम हळूहळू सरकारकडे जाणार होते. तेव्हा सरकार काय ते पाहील, असे दोघेही म्हणू लागले. दोन पावसाळे बांधावर पाटीभर चिखल पडला नाही.

१९५९ च्या भाद्रपदातली गोष्ट. मी अकरा वर्षांचा होतो. चार-पाच दिवस पाऊस लागला होता आणि सर्वपित्रीचे उधाण जवळ आले होते. बाबा घरी आला. ओसरीच्या पायरीखाली उभा राहिला, वर आला नाही. म्हणाला, "अण्णा, उघाडीच्या अंगाला पाणी झिरपतंय. चार माणसं द्या. पैशाचं मागाहून बघू." अण्णा झोपाळ्यावर होते. त्यांनी झोपाळा थांबवला नाही. म्हणाले, "मालकाने आपली माणसं लावावीत." एवढेच. बाबा थोडा वेळ उभा राहिला आणि पावसात निघून गेला. आजी आतून काही बोलली, ते मला ऐकू आले नाही.

अमावास्येच्या रात्री खांड पडली. आमच्या खारालगत आणखी तीन खार होते, तेही गेले. ते ना अण्णांचे ना बाबाचे. त्यांचा या भांडणाशी काही संबंध नव्हता. सकाळी वडील मला घेऊन गेले. लोंब्या धरलेले भात पाण्याखाली होते आणि वरून होडी चालली होती. होडीत शेजारच्या खाराचा मालक होता. त्याने आमच्याकडे पाहिले आणि तोंड फिरवले. तीन पावसाळे त्या जमिनीतले मीठ निघाले नाही. पुढे सरकारी खर्चाने बांध झाला. पण तोपर्यंत दोन घरे गिरणीत कामाला मुंबईस गेली होती, ती परत आली नाहीत.

लोक म्हणतात समुद्राने बांध फोडला. समुद्र रोजच येतो. बांध फुटतो तो दोन धन्यांच्या मधल्या जागी. अण्णा वाईट नव्हते. गावात त्यांच्या दानधर्माची कीर्ती होती. परंतु ती खांड आमच्या झोपाळ्यावरून पडली, असे मी गेली साठ वर्षे मानीत आलो आहे, आणि आज प्रथमच लिहीत आहे.

यावर जगात कोणी काही उपाय काढला आहे का, हे पाहण्याची मला त्यामुळे सवय लागली. वलंदेजांच्या देशात बांध राखणारी पाणीमंडळे तेराव्या शतकापासून चालत आली आहेत. राजे बदलले, स्पेनचे राज्य येऊन गेले, मंडळे राहिली. जुना कायदा असा की ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखता येत नसेल त्याने त्यात फावडे रोवून निघून जावे. जो फावडे उपटील त्याची जमीन आणि त्याचाच बांध. कठोर खरा, पण मालकी आणि बांध यांत दोन वर्षांची फट त्यात राहत नाही. त्याच किनाऱ्याला पुढे वाडन समुद्र म्हणून पाचशे किलोमीटरांची चिखलपट्टी आहे, ती नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क या तीन राष्ट्रांत वाटलेली. पक्षी आणि मासे तिघांचे. १९७८ साली तिघे प्रथम एकत्र बसले, १९८२ त एकत्र जाहीरनामा काढला, पुढे समाईक कचेरी झाली. हद्द कोठून जाते यावर जर्मनी आणि नेदरलँड्स यांचा एका खाडीपुरता जुना वाद आहे. तो तसाच बाजूला ठेवून त्यांनी चिखल सांभाळावयास घेतला. मला यातली ही बाजूला ठेवण्याची कला फार आवडली.

आपल्याकडे याच्या उलट उदाहरण आहे, आणि त्याचाही धागा मुंबईला येतो. कच्छ आणि सिंध यांच्यामधल्या सर खाडीबद्दल मुंबई सरकारने १९१४ साली एक ठराव केला. रेघ खाडीच्या मधून की पूर्व काठाने, यावर त्या ठरावाचे दोन अर्थ लावून भारत आणि पाकिस्तान अजून वाद घालीत आहेत. तो वाद सुटेल तेव्हा सुटेल. दरम्यान त्या पाण्यात मासळीमागे गेलेले दोन्हीकडचे खलाशी धरले जातात. आपल्या पालघर जिल्ह्यातले किती तरी गुजरातच्या नौकांवर कामाला जातात; त्यांतले काही कराचीच्या तुरुंगात वर्षे काढून आले आहेत. पाण्यावर रेघ दिसत नाही, एवढाच त्यांचा गुन्हा.

आमच्या खाडीची पुढची हकीगत वाचकांना ठाऊक असेल. १९७० साली सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी ठरल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, गोळीबारात पाच जण गेले. उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तेथे विमानतळाचे उद्घाटन झाले. भरावाने पाण्याची जागा घेतली की पाणी दुसरीकडे जागा शोधते. २००५ च्या २६ जुलैला पनवेलने ते पाहिले.

शिवाय एक नवा पेच आहे, आणि त्यात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. बांध फुटून पडीक राहिलेल्या खारात तिवर उगवते. एकदा उगवले की ते कांदळवन. २००५ साली उच्च न्यायालयाने कांदळवने तोडण्यास बंदी केली, २०१८ त ती पक्की केली, आणि माझ्या मते योग्यच केले. लाट अडवणारी आणि मासळीची पिल्ले वाढवणारी दुसरी वस्तू माणसाला करता आलेली नाही. पण ज्याचे भाताचे शेत सरकारी दिरंगाईने बुडाले आणि ज्यात तिवर उगवले, त्याने काय करावे? त्याच्या सातबारावर शेत आहे आणि समोर जंगल आहे. त्याला खार परत मागता येत नाही आणि जंगल राखल्याबद्दल त्याला कोणी शिलोत्राचे भातही देत नाही.

बाबाचा नातू माझा विद्यार्थी. गेल्या आश्विनात मी त्याला म्हटले, मला एकदा तो बांध दाखव. ओहोटी होती. तो पुढे, मी काठी टेकीत मागे. "सर, सांभाळून, इथं रुतेल," असे मधून मधून म्हणत होता. बांध बराचसा चिखलात बसला आहे. आमच्या खारात पुरुषभर उंचीचे तिवर उभे आहे. उघाडीची चौकट मात्र अजून आहे. जुने सागवान, काळे पडलेले. झडप गेली. पाणी तिच्यातून आत जाते, बाहेर येते. चौकटीवर एक बगळा बसला होता, आम्हाला पाहून थोडा सरकला.

मी त्याला १९५९ ची गोष्ट सांगितली. ती त्याला ठाऊक होती, आणि अण्णांचे वाक्यही. त्यांच्या घरात ते तसेच्या तसे चालत आले आहे. मी काय बोलणार? तो म्हणाला, "सर, आमच्या आज्यानंही चार माणसं लावली असती तर लागली असती. तोही हटून बसला होता." मग वाकून त्याने उघाडीच्या तोंडाशी रात्री लावलेले जाळे ओढले. तीन-चार बोय निघाले. चांगले दोन त्याने केळीच्या पानात बांधून माझ्या हातात दिले. पैसे विचारले तर हसला. मी म्हटले, मग पाडव्याला मुलाबाळांना घेऊन फराळाला ये. येतो म्हणाला. तोवर भरतीचे पाणी चौकटीतून आत यावयास लागले होते, म्हणून आम्ही परत फिरलो.